तारेच्या दुसऱ्या टोकाला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आजचा विषय वीज. पण या विजेचं बिल येत नाही, आणि ती गेली तर तक्रार करायला कुणाचा नंबर नाही. ही वीज एका व्हिडिओ गेममधली आहे. पोरं रात्र रात्र पडद्यासमोर बसून काय करतात, या प्रश्नाचं एक उत्तर असंही आहे की, काही पोरं तारा ओढत बसतात. खांब रोवतात, जनरेटर जोडतात, स्विच लावतात. हे काम नेमकं कसं चालतं आणि त्यात मोठ्या माणसांनी लक्ष घालावं असं काय आहे, ते आज सांगायचं आहे.

खेळाचं नाव ‘फॉलआउट ४’. बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन कंपनीने तो केला, टॉड हॉवर्ड त्याचे दिग्दर्शक, आणि १० नोव्हेंबर २०१५ रोजी तो बाजारात आला. या मालिकेतला पहिला खेळ १९९७ सालचा. २०२४ मध्ये या खेळांच्या जगावर बेतलेली एक मालिका पडद्यावर आली आणि कित्येकांनी कपाटातला हा जुना खेळ पुन्हा बाहेर काढला.

कथा घडते बोस्टन शहरात आणि त्याच्या भोवतालच्या मॅसॅच्युसेट्समध्ये. २३ ऑक्टोबर २०७७ या दिवशी अणुयुद्ध होतं. आपला नायक, किंवा नायिका, कारण ते आपण ठरवायचं असतं, ‘व्हॉल्ट १११’ नावाच्या तळघरात गोठवून ठेवला जातो आणि जागा होतो थेट २२८७ मध्ये. म्हणजे २१० वर्षांनी. वर येऊन पाहतो तर झाडं वाळलेली, घरांची छपरं उडालेली, पाणी किरणोत्सर्गाने नासलेलं. जुनी मोटार, जुना टाइपरायटर, जुना टेबलफॅन असं सगळं जागच्या जागी गंजून पडलेलं. माणसं आहेत, पण विखुरलेली.

खेळाची मुख्य गोष्ट वेगळी आहे. त्यात शोध आहे, लढाया आहेत. पण त्याच्या पोटात दुसरा एक खेळ आहे, वस्ती उभारण्याचा. ठिकठिकाणी, साधारण तीसेक जागी, आपण वस्ती वसवू शकतो. तिथे कामाचं एक टेबल असतं. पडकी घरं, मोडक्या वस्तू फोडायच्या, त्यातून लाकूड, पोलाद, तांबं, रबर असा माल निघतो आणि त्यातून नवं घडवायचं. टेबलफॅनमधून दाते आणि स्क्रू निघतात, टाइपरायटरमधूनही निघतात. आपल्याकडे भंगारवाला हातगाडीवरची वस्तू पाहताक्षणी तिच्या पोटातलं तांबं मोजतो. ती नजर हा खेळ दोन दिवसांत शिकवतो. एरवी पायाखाली तुडवलेला दिव्याचा बल्ब मग उचलून खिशात जातो, कारण त्यात तांबं आहे आणि तांब्याशिवाय तार नाही.

आता वस्तीत राहायला आलेल्या माणसांना काय लागतं, ते पाहा. सुरुवातीलाच सँक्चुअरी हिल्स नावाच्या वस्तीत काही थकलेली माणसं येतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी करायच्या असतात : झोपायला बिछाने, प्यायला शुद्ध पाणी, खायला शेतातलं पीक आणि राखणीची सोय. दर माणशी एक माप पाणी, एक माप अन्न, एक बिछाना. वस्ती सुखी आहे की नाही, याचाही एक आकडा खेळ ठेवतो, आणि तो मुख्यतः याच गोष्टींवर ठरतो. बिछान्यावर छप्पर असेल तर आणखी बरं.

या यादीत वीज नाही. दिवाही नाही. पाणी हातपंपाने काढता येतं. एका पंपातून तीन माणसांपुरतं पाणी मिळतं आणि त्याला वीज लागत नाही. राखणीला साधी मशीनगन लावता येते, तिलाही लागत नाही. वस्तीतला एकही माणूस येऊन म्हणत नाही की, बाबा, अंधार पडला, दिवा लाव. तरीही हा खेळ खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण, कुणी सांगितलेलं नसताना, तारा ओढायला लागतो. का, ते पुढे बघू. आधी कसं, ते पाहू.

विजेची सुरुवात जनरेटरपासून. लहान जनरेटर तीन एकक वीज देतो, मधला पाच, मोठा दहा. पवनचक्कीही आहे, तीही तीन देते. २०१६ मध्ये या खेळाला जे जोड-भाग निघाले, त्यातल्या एकात शंभर एककांचा एक फ्यूजन जनरेटरही आला. हे एकक म्हणजे ना वॅट ना व्होल्ट, नुसता आकडा. जनरेटरला डिझेल लागत नाही, पवनचक्कीला वारा पडल्याची चिंता नाही. एकदा उभारलं की चालू.

मग या आकड्यांचा हिशेब सुरू होतो. हातपंपापेक्षा मोठं असं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र आहे. ते दहा माणसांपुरतं पाणी देतं, पण त्याला दोन एकक वीज लागते. त्याहून मोठं, कारखान्यात शोभेल असं यंत्र चाळीस जणांचं पाणी देतं, त्याला पाच एकक लागते. आणि एक रेडिओचा मनोरा आहे. तो उभारून चालू केला की, आसपास भटकणाऱ्या माणसांना हाक जाते : इथे वस्ती आहे, या. त्याला फक्त एक एकक लागतं. आता बेरीज करा. एक एकक हाकेला, दोन एकक पाण्याला, झाले तीन. सगळ्यात लहान जनरेटर जेवढी वीज देतो, तेवढ्यात एक हाक आणि दहा जणांचं पाणी बसतं. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला हा हिशेब आवडला नाही तरच नवल.

पण जनरेटर उभा केला म्हणजे वीज मिळाली असं होत नाही. पाण्याचं यंत्र ठेवायचं नदीच्या किंवा तळ्याच्या पात्रात, कारण ते तिथेच बसतं. रेडिओचा मनोरा ठेवायचा मोकळ्या जागी. आणि जनरेटर खडखडाट करतो म्हणून त्याला वस्तीच्या मागे नेऊन ठेवावंसं वाटतं. तिघं तीन दिशांना. त्यांना एकत्र आणते ती तार.

तार जोडण्याची रीत सोपी आहे. जनरेटरच्या डोक्यावर जोडणीची जागा असते. तिथून तारेचं एक टोक धरायचं, चालत जायचं आणि दुसरं टोक यंत्राला लावायचं. प्रत्येक तारेला एक माप तांबं खर्च होतं. तार लांब असो की आखूड, खर्च तेवढाच. पण लांबीला मर्यादा आहे. ठरावीक अंतरापुढे ती जातच नाही. मग मध्ये खांब रोवावा लागतो. आणि तार भिंतीतून जात नाही. मध्ये भिंत, छप्पर, झाड काही आलं की जोडणी होत नाही. मग खिडकीतून काढा, दारावरून फिरवा, नाहीतर खांब उंच करा. दोन खांबांमध्ये ती थोडी झोळ घेऊन लोंबते, अगदी आपल्या गावातल्या तारेसारखी. चिमण्या मात्र त्या जगात उरलेल्या नाहीत.

आता घरातले दिवे. प्रत्येक बल्बला स्वतंत्र तार ओढायची तर वेड लागेल. म्हणून खेळाने एक युक्ती केली आहे. भिंतीवर किंवा आढ्याला एक लहानसा जोड बसवायचा, कंड्युट. त्याच्यापर्यंत तार आली की त्याच्या भोवती एका वर्तुळात वीज आपोआप पसरते, आणि त्या वर्तुळात येणारा बल्ब, टीव्ही पेटतो. शेकोटीच्या भोवती जशी उबेची एक सीमा असते, तसं. हे वर्तुळ भिंत ओलांडतं. म्हणून जाणते खेळाडू जोड घराच्या बाहेरच्या अंगाला लावतात आणि आतला दिवा पेटवतात. मोठी यंत्रं मात्र अशी पेटत नाहीत, त्यांना तारच लागते. खेळात नवा आलेला माणूस अडतो तो नेमका इथेच : कशाला तार हवी आणि कशाला नुसती जवळीक पुरते, हे कळेपर्यंत त्याची वस्ती अंधारात राहते.

माझा एक भाचा या खेळात बुडालेला असतो. त्याने मला शेजारी बसवून हे सगळं दाखवलं. मी विचारलं, “दोन जनरेटर एकाच तारेला जोडले तर?” तो म्हणाला, “बेरीज होते, मामू. तीन आणि तीन सहा.” “आणि मागणी जास्त झाली तर?” “तर जे यंत्र बसत नाही ते सुरू होत नाही. बाकीची चालूच राहतात.” हे त्याचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्यावर आपल्याला परत यायचं आहे.

तारेनंतर स्विच. साधा खटका आहे, पाय पडला की चालू होणारी फळी आहे, कुणी आडवं गेलं की तुटणारा लेझरचा किरण आहे. म्हणजे वस्तीत कुणी घुसलं की दिवे लागावेत, भोंगा वाजावा, अशी व्यवस्था करता येते. आणि जून २०१६ मध्ये आलेल्या ‘कॉन्ट्रॅप्शन्स वर्कशॉप’ या जोड-भागात तर तर्काची दारं आली, ज्यांना संगणकशास्त्रात लॉजिक गेट म्हणतात. ‘आणि’चं दार : दोन्ही तारांतून वीज आली तरच पुढे सोडतं. ‘किंवा’चं दार : दोन्हींपैकी एकीतून आली तरी सोडतं. ‘नाही’चं दार : आली तर अडवतं, न आली तर सोडतं.

इथे एक गंमत आहे आणि ती खऱ्या इतिहासातली आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचं गणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. तेव्हा ते माणसाच्या विचाराचं गणित होतं. विजेशी त्याचा संबंध नव्हता. तो संबंध जोडला क्लॉड शॅनन या तरुणाने, १९३७ साली, एमआयटी या संस्थेत, आपल्या एम.एस.च्या प्रबंधात. वय एकवीस. त्याने दाखवून दिलं की, स्विच आणि रिले जोडून बूलचं सगळं गणित तारेत उतरवता येतं. स्विच एकामागून एक जोडले तर ‘आणि’, शेजारी शेजारी जोडले तर ‘किंवा’. आजचा प्रत्येक संगणक या एका ओळीवर उभा आहे. ही एमआयटी आहे कुठे? मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनच्या समोर, चार्ल्स नदीच्या पलीकडे केंब्रिजमध्ये. आणि खेळातही त्याच जागी तिच्याच नमुन्यावरची एक पडकी शिक्षणसंस्था आहे. तिच्या खाली जमिनीत शास्त्रज्ञांचं एक गुप्त जग वसलेलं आहे. तिथे शिरण्यासाठी नायकाला वस्तीत एक यंत्र उभारावं लागतं, माणसाला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणारं. त्याचे सगळे भाग चालवायला सत्तावीस एकक वीज लागते. दोन मोठे जनरेटर, एक मधला, एक लहान. वीस अधिक पाच अधिक तीन, अठ्ठावीस. एक एकक हाताशी राहतं. जिथे शॅननने स्विचला विचार करायला शिकवलं, त्या जागेच्या कल्पित अवशेषांत पोहोचायला खेळणाऱ्याने आधी स्विच आणि तारा शिकाव्यात, हे मला फार समर्पक वाटतं.

या खेळाने काय काय गाळलं आहे, तेही सांगायला हवं. नाहीतर एखादा मुलगा उठून घरातल्या बोर्डाला हात घालायचा.

पहिली गोष्ट, खेळात एक तार पुरते. खऱ्या विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. जाते ती फेज, परतते ती न्यूट्रल; वर्तुळ पूर्ण झालं नाही तर दिवा लागत नाही. धन आणि ऋण विद्युत हे शब्द रूढ करणारा बेंजामिन फ्रँकलिन याच बोस्टन शहरात १७०६ साली जन्मला. त्याच्या गावच्या खेळात ऋणाला जागा नाही, एवढी गंमत नोंदवून ठेवू. दुसरी गोष्ट, खेळातली तार तापत नाही, वाटेत वीज गळत नाही, शॉक बसत नाही, अर्थिंग लागत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे, आणि भाच्याच्या वाक्यात आली आहे : मागणी वाढली तर एखादं यंत्र सुरू होत नाही, बाकीची चालूच राहतात. खऱ्या विजेचा स्वभाव असा सोशीक नाही.

त्यासाठी खऱ्या बोस्टनमध्ये जाऊ. तारीख ९ नोव्हेंबर १९६५, मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजून सोळा मिनिटं. दिवे लागण्याची, स्वयंपाकाची, माणसं घरी परतण्याची वेळ. कॅनडात, नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून निघणाऱ्या एका वाहिनीवरचा रिले पडला. रिले म्हणजे तारेचा राखणदार. भार मर्यादेबाहेर गेला की त्याने तार तोडायची. हा राखणदार आपलं काम चोख करत होता, पण त्याची मर्यादा वाढत्या भाराच्या मानाने फार खाली लावलेली होती. ती वाहिनी तुटताच तिचं ओझं शेजारच्या वाहिन्यांवर गेलं. त्यांना ते झेपलं नाही, त्याही पाठोपाठ तुटल्या. मग तिकडे जाणारी वीज उलटी फिरून अमेरिकेच्या जाळ्यावर येऊन आदळली. काही मिनिटांत न्यूयॉर्क, बोस्टन आणि ईशान्य अमेरिकेचा मोठा भाग अंधारात गेला. सुमारे तीन कोटी माणसं, काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लाखो प्रवासी अडकले. त्या रात्री आकाश निरभ्र होतं आणि पौर्णिमेचं चांदणं पडलं होतं. रस्त्यावरच्या माणसांना तेवढाच आधार.

कुणी कुणाचा शत्रू नव्हता. प्रत्येक तारेने आपल्यापुरतं शहाणपण केलं, ओझं पुढच्याच्या अंगावर टाकलं आणि सगळे मिळून बुडाले. कुटुंबात, गावात हे आपण पाहिलेलं असतं. विजेच्या जाळ्यात ते काही मिनिटांत घडतं, एवढाच फरक.

आपल्याकडे याची आठवण जुनी नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचं जाळं कोसळलं, आणि ते सावरतं न सावरतं तोच ३१ तारखेच्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. गाड्या रुळांवर थांबल्या, खाणीत माणसं अडकली. महाराष्ट्र ज्यात आहे ते पश्चिमेचं जाळं त्या वेळी बाकीच्यांपासून तुटून वेगळं झालं आणि तगलं. आपल्या घरातले पंखे फिरत राहिले ते आपण जोडलेले होतो म्हणून नव्हे. ऐन वेळी सुटे झालो म्हणून.

मग प्रश्न येतो, सुटंच राहिलेलं बरं का?

या प्रश्नाचं एक उत्तर तो खेळ देतो. खेळात एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत माणूस पाठवता येतो. दोन तोंडांच्या गाईवर ओझं लादून तो चालत राहतो, आणि त्याच्यामुळे दोन्ही वस्त्यांचा साठा एक होतो. एकीकडचं लाकूड, पोलाद दुसरीकडे वापरता येतं, जास्तीचं अन्नपाणीही वाटून घेता येतं. पण वीज पाठवता येत नाही. एका वस्तीत शंभर एककांचा जनरेटर रिकामा फिरत असला तरी टेकडीपलीकडच्या वस्तीला त्यातलं एक एककही मिळत नाही. प्रत्येक वस्तीने आपला उजेड आपणच करायचा. त्यामुळे एकीचा अंधार दुसरीत शिरत नाही, हे खरं. पण एकीवर हल्ला झाला, लुटारूंनी जनरेटर मोडला, पाण्याचं यंत्र बंद पडलं, मोठ्या लेझर बंदुका मुक्या झाल्या, तर शेजारचा उजेड तिच्या मदतीला येऊ शकत नाही. तिथल्या माणसांनी आपलं आपण सोसायचं आणि दुरुस्त करायला कुणी येईतो तहानलेलं राहायचं.

खऱ्या जगाने दुसरी वाट धरली. १९६५ च्या अंधारानंतर अमेरिकेने तारा तोडल्या नाहीत. उलट, एकमेकांशी कसं जोडून राहायचं याचे नियम घालायला १९६८ साली विजेच्या भरवशासाठी एक मंडळ नेमलं. आणि आपण? २०१२ च्या त्या दोन दिवसांनंतर दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, कर्नाटकातल्या रायचूरहून आपल्या सोलापूरपर्यंत ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. तोवर दक्षिणेचं जाळं देशाच्या बाकी जाळ्यापासून वेगळ्या तालावर चालत होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते. पण दोन जाळी एका तारेने थेट बांधायची तर दोघांची आवर्तनं एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली यावी लागतात. दोन तबलजींनी एकाच समेवर यावं तसं. रायचूर ते सोलापूर या तारेने ती सम साधली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देश एका ठेक्यात आला. ज्या जोडणीने अंधार पसरू शकतो हे नुकतंच पाहिलं होतं, तीच जोडणी आपण आणखी वाढवली, कारण मदतही त्याच तारेतून येते. राखणदार चांगले ठेवायचे, मर्यादा नीट लावायच्या, वेळ आली तर क्षणभर सुटं होण्याची सोय ठेवायची. पण तार तोडून बसायचं नाही.

मराठीत ‘तार’ या शब्दाचा संसार मोठा आहे. सतारीची तार आहे. दारात आली की काळजाचा ठोका चुकवणारी तारही होती. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दोन माणसांचं जमलं की आपण म्हणतो, तारा जुळल्या. कुणी काही न करता मिरवत असला की विचारतो, काय दिवे लावलेत? विजेच्या तारेवर चोरून आकडा टाकणाऱ्याला आपण नावं ठेवतो, आणि ती तार त्याच्या वस्तीवरून पुढे गेली, त्याच्या दारात उतरलीच नाही, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. कुणाच्या डोक्यावरून तार गेली आणि कुणाच्या घरात शिरली, यात गावाचा इतिहास असतो. आपल्याकडे गावात खांब आले त्या वर्षाची गोष्ट म्हातारी माणसं सांगतात तेव्हा ती कधीच वीजकेंद्राची नसते. पहिला दिवा कुणाच्या ओट्यावर लागला आणि शेवटचा कुठे, याची असते.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. वस्तीतलं कुणी मागत नाही, सुखाच्या आकड्यात दिव्याला गुण नाहीत, तरी खेळणारा दिवे का लावतो? मी भाच्याची वस्ती पाहिली तेव्हा पडद्यावर रात्र झाली होती. नदीकाठी पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. रांगेने आठ झोपड्या, आठांच्या दारावर बल्ब. शेवटची झोपडी लांब होती, ओढ्याच्या पलीकडे, आणि तिच्यासाठी त्याने तीन खांब जादा रोवले होते. मी विचारलं, “त्या एका दिव्यासाठी एवढं तांबं?” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “मग काय, त्या बाईला एकटीलाच अंधारात ठेवू?” ती बाई म्हणजे प्रोग्राममधली एक आकृती. तिला अंधार कळत नाही. पण त्याला कळतो.

बाकी सगळं, एकक आणि जनरेटर, खांब आणि दारं, शिकून होतं. पंधरा दिवसांत कुणालाही येतं. घरात कुणी असा खेळ खेळत असेल तर त्याच्यावर एकदम ओरडू नका. पाच मिनिटं शेजारी बसा, पाण्याच्या यंत्राला किती वीज लागते ते त्याच्याकडून समजून घ्या. आणि मग विचारा : शेवटच्या झोपडीपर्यंत खांब नेलास का?